दापोडीचा पुरावा

दापोडी हे नाव पुणे-पिंपरीच्या रहिवाशाला मुख्यतः तीन गोष्टींमुळे ठाऊक असते: एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल खडकी सोडल्यावर जिथे थांबते ते स्थानक. मुळा-पवनेच्या संगमालगतच्या या गावाला एकोणिसाव्या शतकात मात्र निराळेच महत्त्व होते. पेशव्यांच्या चाकरीत असलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची कॅप्टन फोर्डची पलटण येथे होती आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईसाठी ती येथूनच निघून कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये येथे सरकारी निवासस्थान केले आणि त्याच्या आवारात वनस्पतिउद्यान सुरू केले, जे सुमारे १८६५ पर्यंत चालले. या दोन्ही गोष्टींची आठवण गावात फारशी उरलेली नाही, आणि त्यांचा पुरावा तर गावात मुळीच नाही. तो पुण्यातील पेशवे दफ्तरात, मुंबईच्या राज्य अभिलेखागारात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात विखुरलेला आहे. इतिहासाच्या संशोधनपत्रिकेकडे शोधनिबंध पाठवणे म्हणजे नेमके काय करणे, हे पाहायचे झाले तर म्हणूनच दापोडीसारखे गाव सोयीचे पडते, कारण येथे आठवणीवर विसंबून एक वाक्यही लिहिता येत नाही.

संशोधनपत्रिका म्हणजे असे नियतकालिक, की ज्यातील लेख छापण्यापूर्वी संपादक तो त्या विषयातील जाणकारांकडून तपासून घेतो, आणि ज्यातील प्रत्येक विधानामागे वाचकाला स्वतः पोचता येईल असा आधार दिलेला असतो. या दोन अटींपैकी पहिलीचीच चर्चा विद्यापीठांत अधिक होते, कारण नेमणुका आणि बढत्या तिच्यावर अवलंबून असतात; खरे महत्त्व मात्र दुसरीचे आहे. परीक्षकाने चूक पकडली नाही तरी, तळटीप नीट असेल तर ती चूक वीस वर्षांनी कोणीतरी पकडू शकतो. तळटीपच नसेल तर चूक आणि शोध या दोहोंचे भवितव्य सारखेच.

नाव सापडले तर कागद सापडतो

हस्तलिखिताची तयारी लिहिण्यापासून सुरू होत नाही, ती शोधण्यापासून होते, आणि शोधण्यातली पहिली अडचण अगदी साधी आहे. इंग्रजी दप्तरात दापोडी ‘दापोडी’ या आजच्या स्पेलिंगने सहसा भेटत नाही. ती ‘दापुरी’ असते, कधी त्या ‘पु’ आणि ‘री’ मधले स्वर दुहेरी अक्षरांनी लिहिलेले असतात, आणि ‘ड’ चा ‘र’ झालेला असल्यामुळे सूचीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. त्यात कोकणातली दापोली ही इंग्रजांची जुनी छावणी असल्याने तिचे आणि दापोडीचे इंग्रजी रूप एकमेकांपासून एका अक्षराने वेगळे राहते, आणि दौंड तालुक्यात आणखी एक दापोडी आहे ती निराळीच. संगणकीय सूचीत आजचे स्पेलिंग घालून ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले म्हणजे कागद नाहीत असा अर्थ होत नाही, आणि मिळालेला प्रत्येक कागद याच दापोडीचा असतो असाही होत नाही. म्हणून पहिल्याच टिपेत लेखकाने मूळ साधनांतील नावाची रूपे कोणती, आपण कोणते वापरणार आणि दुसऱ्या गावांपासून हे गाव कशावरून वेगळे ओळखले, हे सांगून टाकणे हा उपचार नसून तपासाचा भाग आहे.

पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेले आहे. रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे ज्या कापडात बांधतात ते कापड, आणि त्यावरून ते गाठोडेही. कागद मोडीत आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळत नाहीत, त्यामुळे मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारा प्रत्येक जण शब्द कोठे तोडायचा याचा निर्णय घेत असतो, आणि तो निर्णय हे एक प्रकारचे अर्थ लावणेच असते. चांगली संशोधनपत्रिका म्हणूनच असा आग्रह धरते, की निर्णायक उतारा असेल तेथे मूळ मजकूर लिप्यंतर करून टिपेत द्यावा, संशयास्पद वाचनापुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि फाटलेल्या वा न लागलेल्या अक्षरांच्या जागी ठिपके द्यावेत. जे लागले नाही ते लागले नाही असे लिहिल्याने लेखकाची पत कमी होत नाही. उलट ‘सर्व लागले’ असे दाखवणाऱ्या लिप्यंतराकडे जुना मोडीवाचक संशयाने पाहतो.

एक तारीख, चार पंचांगे

खडकीच्या लढाईची तारीख ५ नोव्हेंबर १८१७ ही शालेय पुस्तकांतही असते, तेव्हा तिच्याबद्दल आणखी काय सांगायचे असे वाटू शकते. परंतु मराठी कागदात ही तारीख अशी लिहिलेली नसते. तेथे शके १७३९, ईश्वरनाम संवत्सर, अश्विन वद्य एकादशी असे येईल. किंवा अरबी अंकशब्दांत ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे शुहूर सनाचे वर्ष येईल, म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१८. किंवा महिन्याच्या जागी मुसलमानी महिना आणि त्याआधी चंद्राचा दिवस दाखवणारे ‘छ’ हे अक्षर येईल. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतो, आणि म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात; त्यामुळे जून ते डिसेंबरपर्यंतच्या कागदात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदात ६०० मिळवावे लागतात. हा एकाचा फरक विसरला की पलटणीचा पगार तिच्या स्थापनेच्या आधीच वाटला गेल्याचे दिसू लागते.

मुसलमानी महिन्यात दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, तेव्हा ५ नोव्हेंबरचा दिवस जिल्हेजची चोविसावी की पंचविसावी हे गणिताने पक्के ठरत नाही, कागदावरच पाहावे लागते. याउलट तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील तर तपासणी सोपी होते: त्या दिवशी बुधवार होता, त्या वर्षी दसरा १९ ऑक्टोबरला झाला आणि अमावास्या ९ नोव्हेंबरला आली, म्हणजे लढाई दिवाळीच्या तोंडावर झाली. दसऱ्याच्या समारंभापासून लढाईपर्यंतचे दिवस ग्रांट डफसारख्या इंग्रजी इतिहासकाराच्या कथनात एका तणावाच्या सूत्रात ओवलेले दिसतात, पण मराठी कागदांत ते सणासुदीचे, खर्चवेचाचे, बिदागीचे दिवस आहेत. दोन्ही एकत्र ठेवायचे तर आधी दोन्ही एका कालगणनेवर आणावे लागतात. निबंधात प्रत्येक तारखेचे गणित मांडण्याची गरज नसते, परंतु रूपांतर कोणत्या जंत्रीवरून केले आणि दोन तारखांत पर्याय असताना कोणता स्वीकारला, हे एकदा तरी सांगावे लागते.

कालगणनेच्या या काटेकोरपणाला मराठीत मोठी परंपरा आहे. वासुदेव सीताराम बेंद्रे यांचे ‘साधन-चिकित्सा’ १९२८ मध्ये आले. ऐतिहासिक साधनाची चिकित्सा कशी करावी, त्याचे लेखन, मायना, शिक्का, कालनिर्देश यांतून ते अस्सल की नक्कल हे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. त्याआधी १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली होती आणि तिच्यातील शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, रूढ असलेल्या शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेच्या विरुद्ध उभी राहिली. वाद दीर्घकाळ चालला. परंतु त्याचा कौल एका नव्या कागदाने दिला नाही, तर कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’सारख्या स्वतंत्र साधनाने त्या कागदाला दिलेल्या दुजोऱ्याने दिला. संशोधनपत्रिकेचा परीक्षक आज जे विचारतो, तेच हे आहे: या विधानाला दुसऱ्या, पहिल्यापासून स्वतंत्र असलेल्या साक्षीदाराचा आधार कोणता?

दापोडीच्या पलटणीबाबत हा प्रश्न चांगलाच बोचरा ठरतो. ग्रांट डफ स्वतः त्या लढाईत होता आणि १८२६ मध्ये छापलेल्या त्याच्या इतिहासात इंग्रजांकडील जखमी आणि मृत मिळून ८६, तर मराठ्यांकडील नुकसान सुमारे ५०० असे आकडे येतात. पेशव्यांचा मुत्सद्दी मोरोपंत दीक्षित फोर्डच्या पलटणीशी झालेल्या झुंजीत पडला ही गोष्टही तेथेच मिळते. पुढच्या असंख्य पुस्तकांत, गॅझेटियरांत आणि स्मरणिकांत हीच हकीकत वेगवेगळ्या तळटिपांनिशी फिरत राहते, त्यामुळे साक्षीदार दहा आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात ती एकाच विहिरीची दहा घागरींतून आलेली धार असते. निबंध तयार करताना प्रत्येक टीप मागे नेत तिच्या उगमापर्यंत जाणे, आणि मूळ पाहणे शक्य नसेल तेथे ‘अमुक ग्रंथातून उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहिणे, हे कंटाळवाणे काम आहे; आणि दुसऱ्याच्या टिपा आपल्या म्हणून उचलणे ही चोरी इतकी रूढ आहे की तिला चोरी म्हणावे असेही कोणाला सहसा वाटत नाही. जाणकार परीक्षक मात्र ती चटकन ओळखतो, कारण पहिल्याने केलेली पानाच्या आकड्यातील चूक दुसऱ्याच्या टिपेतही तशीच उतरलेली असते.

बागेचा प्रश्न

संपादकाला माहिती नको असते, प्रश्न हवा असतो. दापोडीत गव्हर्नरचे उद्यान होते ही माहिती. ती नवी नाही. स्कॉटलंडचा शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्या उद्यानाचा अधीक्षक होता आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्याने करवून घेतलेली १७१ वनस्पतिचित्रे एडिंबरोला जपलेली आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये ‘द दापुरी ड्रॉइंग्ज’ या ग्रंथात त्यांचा व उद्यानाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. तेव्हा ‘दापोडीचे विस्मृत वनस्पतिउद्यान’ अशा मथळ्याचा निबंध आज कोणी पाठवला, तर परीक्षकाचे पहिले वाक्य ठरलेले असेल: विस्मृत कोणाला?

मग नवे काय राहिले? दिवाळी अंकातील लेख आणि शोधनिबंध यांचा फरक येथे दिसतो. लेखाला वाचकापुढे बाग उभी करायची असते, निबंधाला ती बाग कशावर उभी होती ते सांगायचे असते. या उद्यानाला पाणी कोठून आणि कोणाच्या वाट्यातून येत होते, माळी कोण होते आणि त्यांची नेमणूक कोणत्या दराने होई, जमीन कोणाची होती आणि ती सरकारकडे कशी आली, उद्यानातून रोपे आणि बियाणे कोणत्या गावांना गेली, आणि तेथील शेतकऱ्याने ती पिके घेतली की सोडून दिली, या प्रश्नांची उत्तरे इंग्रजी अहवाल एका बाजूने देतात आणि गावचे मराठी कागद, सापडलेच तर, दुसऱ्या बाजूने. नोल्टी वनस्पतिशास्त्राच्या बाजूने आले, तेव्हा त्यांच्या ग्रंथाशी भांडण्याचे कारण नाही. तो संपतो तेथून पुढे जायचे आहे, आणि निबंधाच्या पहिल्या दोन पानांतच हे म्हणायचे आहे. आधीच्या अभ्यासाचा आढावा हा भाग पीएचडीच्या प्रबंधात चाळीस पानांचा असतो. संशोधनपत्रिकेत तो चार परिच्छेदांत आटोपावा लागतो, आणि त्यात नावे मोजून न दाखवता वाद कोठे अडकला आहे ते सांगावे लागते. प्रबंधाचे एक प्रकरण उचलून, त्यावर नवे शीर्षक घालून पाठवणे हा आपल्याकडील सर्वांत प्रचलित प्रकार आहे आणि परत येणाऱ्या हस्तलिखितांत त्याचाच भरणा असतो. प्रकरणाला मागेपुढे भावंडे असतात, निबंधाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

त्या चित्रांविषयी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ती एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने काढली एवढेच ठाऊक आहे. त्याचे नाव मिळत नाही. अशा ठिकाणी लेखकाला नाव सुचवण्याचा मोह होतो, आणि इतर कोठे तरी सापडलेला एखादा समकालीन गोवेकर चित्रकार ‘बहुधा हाच’ म्हणून पुढे केला जातो. ‘बहुधा’ हा शब्द मराठी इतिहासलेखनात फार स्वस्त झाला आहे. पहिल्या निबंधातला ‘बहुधा’ दुसऱ्यात ‘बहुतेक निश्चितपणे’ होतो आणि तिसऱ्यात गळून पडतो.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यावर

निबंध कोठे पाठवायचा हा निर्णय लिहून झाल्यावर घेतला जातो, तो वास्तविक आधी घ्यायला हवा. दिल्लीहून १९६३ पासून निघणारे ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’, १९७९ पासूनचे ‘स्टडीज इन हिस्टरी’, केंब्रिजचे १९६७ पासूनचे ‘मॉडर्न एशियन स्टडीज’, पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’, किंवा मराठीत भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, यांपैकी प्रत्येकाचा वाचक वेगळा आहे आणि त्याला समजावून सांगण्याच्या गोष्टीही वेगळ्या. मंडळाच्या वाचकाला कुलकर्णी म्हणजे कोण हे सांगणे म्हणजे त्याचा अपमान. केंब्रिजच्या वाचकाला ते न सांगणे म्हणजे आपला निबंध बंद ठेवणे. लेखकाने त्या पत्रिकेचे गेल्या तीन-चार वर्षांचे अंक चाळले आहेत की नाही, हे संपादकाला पहिल्या पानावरच कळते.

बाकीचा भाग कारकुनी आहे, पण कारकुनी टाळल्याने जितके निबंध परत येतात तितके विचार कच्चा असल्याने क्वचितच येत असतील. साधारण आठ ते बारा हजार शब्दांची मर्यादा तळटिपांसह की त्यांच्याशिवाय, हे प्रत्येक पत्रिका आपल्या सूचनांत सांगते. दीडशे-दोनशे शब्दांचा सारांश द्यावा लागतो, आणि ‘या निबंधात अमुक विषयाची चर्चा केली आहे’ असे त्यात लिहून भागत नाही; निष्कर्ष काय हे लिहावे लागते. बहुतेक ठिकाणी परीक्षण दुहेरी गुप्ततेचे असते, म्हणजे परीक्षकाला लेखक ठाऊक नसतो आणि लेखकाला परीक्षक. त्यामुळे लेखकाचे नाव मुखपृष्ठाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते, ऋणनिर्देश काढून ठेवावे लागतात, ‘प्रस्तुत लेखकाने अन्यत्र दाखवल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये बदलावी लागतात, आणि संगणकाच्या फाइलच्या गुणधर्मांत आपोआप नोंदले गेलेले नावही पुसावे लागते, जे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दापोडीसारख्या विषयावर काम करणारी माणसे जगात मोजकीच असल्याने ही गुप्तता पुष्कळदा नावापुरती उरते, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. एकाच वेळी दोन पत्रिकांकडे निबंध पाठवणे निषिद्ध आहे. ‘तिकडून उत्तर येत नव्हते’ ही सबब चालत नाही, आधी पहिलीकडून निबंध मागे घ्यावा लागतो.

संपादकाच्या टेबलावरून, परीक्षकाकडे न जाताच, निबंध परत येऊ शकतो, आणि लेखकाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी वेळ खाणारा नकार असल्याने त्याचे फारसे वाईट वाटून घेऊ नये. परीक्षकांकडे गेलेल्याचे उत्तर यायला महिनेच्या महिने लागतात. मग दोन अभिप्राय येतात, आणि ते परस्परविरोधी असतात: पहिला म्हणतो पार्श्वभूमी फार, दुसरा म्हणतो पार्श्वभूमी अपुरी. ‘रिव्ह्यू आला’ म्हणून खचणारे तरुण संशोधक या टप्प्यावर हस्तलिखित कपाटात टाकतात, वस्तुतः ‘मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा’ हे उत्तर नकार नसून आमंत्रण असते. दुरुस्त प्रतीसोबत मुद्देवार उत्तर द्यावे लागते: कोणती सूचना कोणत्या पानावर अमलात आणली, आणि कोणती का नाकारली. नाकारण्याचा अधिकार लेखकाला असतो, मात्र तो कागदपत्राच्या जोरावर वापरायचा असतो, मानापमानाच्या नाही.

मराठीत ही चाल परकी नाही. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा मंडळाच्या सभांत टिपणे आधी वाचली जात, त्यांवर चर्चा होई, आणि मग ती इतिवृत्तांत व संमेलनवृत्तांत छापली जात. परीक्षण होते, पण ते तोंडावर होते, आणि टीकाकाराचे नाव सगळ्यांना ठाऊक असे. त्याच्याही आधी, १८७८ पासून, ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी व पत्रे छापून सुरुवात केली होती. तोंडावरच्या परीक्षणात व्यक्तिगत वैरे शिरत आणि ती पुढे छापीलही होत. गुप्त परीक्षणात ती दिसत नाहीत, एवढाच फरक असे एखादा वाकडा माणूस म्हणेल, आणि त्याला अगदीच चुकीचे ठरवता येणार नाही. तरी राजवाड्यांच्या पिढीचा एक गुण आजच्या पद्धतीने गमावला आहे. मूळ कागद छापणे हेच त्यांनी मुख्य काम मानले, मत नंतरचे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या प्रस्तावनांतील मते आज अनेकांना मान्य नाहीत, पण खाली छापलेली पत्रे त्या मतांविरुद्धही वापरता येतात. आजच्या शोधनिबंधात मत छापले जाते आणि कागद लेखकाच्या फोनमधल्या छायाचित्रांत राहतो.

गुणांची पत्रिका

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले, आणि २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण लागू झाले. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतो; पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके भराभर उगवली. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली, तीत अशीच कितीतरी शिरली, आणि मे २०१८ मध्ये त्यांतील ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली, साध्या निकषांवरही त्यांतील सुमारे ८८ टक्के अपात्र ठरली. त्यातून ‘केअर’ यादी आली. ती जून २०१९ पासून लागू झाली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून, म्हणजे दापोडीपासून काही मैलांवर, गणेशखिंडीत चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पीएचडीसाठी निबंधाची सक्ती त्याआधी २०२२ च्या नियमांतून गेली होती. (गव्हर्नरचे निवासस्थान दापोडीहून ज्या गणेशखिंडीत हलले, त्याच आवारात पुढे हे विद्यापीठ आले, हा योगायोग एवढाच.)

यादी आली आणि गेली, परंतु ‘पेपर टाकणे’ हा वाक्प्रचार मागे राहिला. पेपर टाकला जातो, लिहिला जात नाही. कोणत्याही यादीशिवाय संशोधनपत्रिका ओळखण्याची जी साधी खूण आहे ती संपादकाने पाठवलेल्या शंकांत असते: लेखकाला एका तारखेसाठी, एका रुमालाच्या क्रमांकासाठी पुन्हा अभिलेखागारात जायला लावणारी पत्रिका बरी. २०१८ च्या साहित्यचौर्यविषयक नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवले आणि संगणकाने ते मोजून देण्याची सोय झाली, पण इंग्रजी पुस्तकाचा परिच्छेद मराठीत उतरवून आपला म्हणून छापला तर तो शब्दसाम्याच्या मोजणीत दिसणार नाही. तो ओळखायला ते पुस्तक वाचलेला माणूसच लागतो.

दापोडीतच एसटीच्या कार्यशाळेचा इतिहास लिहायचा झाला तर साधनांची जातच बदलते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, त्यानंतर गाड्यांच्या सांगाड्यांवर बॉडी चढवणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी दापोडीची एक. तिचा इतिहास रुमालात नाही. तो हजेरीपत्रकांत, कामाच्या कार्डांत, युनियनच्या पत्रकांत आणि निवृत्त झालेल्या सुतार, पत्राकाम करणारे, रंगारी यांच्या आठवणींत आहे. मौखिक साधन वापरताना बोलणाऱ्याची लेखी संमती, नाव उघड करायचे की नाही याबद्दलचा त्याचा निर्णय आणि ध्वनिमुद्रण कोठे ठेवले जाईल याची नोंद, हे हस्तलिखितासोबत सांगावे लागते. मोडी कागदातला हवालदार तक्रार करायला येत नाही, कार्यशाळेतला फोरमन येऊ शकतो, आणि ते योग्यच आहे.

साधने कोणतीही असोत, निबंधाच्या स्वीकृतीनंतर मुद्रणप्रत तयार होते, मग मुद्रिते येतात. या टप्प्यावर वाक्ये सुधारायची नसतात, फक्त चुका काढायच्या असतात, आणि त्या बहुधा आकड्यांत आणि लिप्यंतराच्या चिन्हांत सापडतात: ‘ळ’ साठीच्या रोमन अक्षराखालचा ठिपका गळतो, शके १७३९ चे १७९३ होते. चित्रांची परवानगी आधीच मिळवलेली असावी लागते. एडिंबरोच्या संग्रहातले चित्र दीडशेहून अधिक वर्षांचे असले तरी त्याचे छायाचित्र संस्थेचे असते, आणि श्रेय कसे छापायचे ते संस्था सांगते. बागेवरच्या निबंधाच्या मुद्रितात शेवटी तपासायची राहते ती चित्राखालची ओळ. तीत वनस्पतीचे नाव असते, दापुरी हे ठिकाण असते, १८४७ ते १८५० हा काळ असतो, चित्र करवून घेणाऱ्या गिब्सनचे नाव असते, आणि ‘चित्रकार’ या शब्दापुढे ‘अज्ञात’ असे छापलेले असते. ते तसेच राहू द्यायचे असते.